डॅम्परवरची नेलपॉलिशची रेघ

अंजनीच्या हातून घडलेली एखादी वस्तू कुठल्यातरी रस्त्यावर तुटेल आणि कुणाचा तरी जीव जाईल, ही भीती मंजुश्रीबाईंच्या मनात नेमकी कधी शिरली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आधीची भीती साधी होती. लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या मुलीच्या कुठल्याही आईला वाटेल तशी. वेणी अडकेल, ओढणी खेचली जाईल, बोट जाईल. ती हळूहळू बोथट झाली, कारण अंजनी केस फडक्यात आवळून, बापाचा जुना शर्ट बाह्या वर दुमडून घातल्याशिवाय मशीनपुढं उभीच राहायची नाही. पण पोरीचं नाव झालं, लांबलांबून माणसं वडगावात पत्ता विचारत यायला लागली, तशी ही दुसरी भीती वाढत गेली. शाळेत सहावीच्या वर्गावर धडा शिकवताना बाहेरून एखादा ट्रक धडधडत गेला, तरी बाईंचं अर्धं मन त्याच्या मागं धावायचं. ह्यात आपल्या अंजीनं केलेलं काही असेल का? असलं तर धड असेल का?

घर विणकराचं. पुढं राहत्या खोल्या, मागं पत्र्याच्या छताखाली नवऱ्याचे, नागराजचे, यंत्रमाग. अंजनीचा जन्मच त्या खडखडाटातला. इतर घरांत पोरं आवाजानं उठतात. ही वीज गेली आणि माग थांबले की पाळण्यात टक्क जागी व्हायची. सात-आठ वर्षांची असताना मागाच्या लोखंडी चौकटीला कान लावून सांगायची, "आप्पा, त्या कोपऱ्यातला बोल्ट सैल झालाय." नागराज आधी हसायचा, मग पाना घेऊन जायचा, आणि परत येताना हसत नसायचा.

मंजुश्रीबाई बी.ए., बी.एड. झालेल्या. मुलीनंही कॉलेजात जावं, निदान बँकेत बसावं, असं त्यांना मनापासून वाटायचं. अंजनीनं बारावी सायन्स केली आणि आयटीआयला टर्नरच्या वर्गात नाव घातलं. वर्गात मुलगी ती एकटीच. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. नागराज म्हणाला, "अगं, आपल्यात सूत धरायचं, तिनं लोखंड धरलं. हात तर चाललाच पायजे न्हवं?"

पुढं तिला मारुतीराव भेटले, हे मात्र नशीब. उद्यमबागेतल्या एका कारखान्यातले जुने टर्नर; ती तिथं शिकाऊ म्हणून लागली. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या हातात ना पाना दिला, ना हत्यार. दिलं एक फडकं. "मोजायच्या आधी पुस," एवढंच म्हणाले. कितीतरी दिवस ती नुसती पुसत होती. घरी येऊन कुरकुर करायची, "आई, मी तिथं मोलकरीण झालोय." पण पुढं कधीतरी तिनं ताटं मांडायच्या आधी ताटंही त्याच नजरेनं पुसायला सुरुवात केली, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की पोरगी शिकतेय.

कारखान्यात नवी संगणकावरची मशिनं आली, मारुतीराव घरी बसले, आणि त्यांची जुनी लेथ भंगारात निघाली. त्यांनी मालकाकडं शब्द टाकला. लेथ वडगावला आली. दारातून आत जाईना म्हणून मागची भिंत फोडावी लागली, आणि जागा करायला नागराजनं आपला एक माग हलवला. विणकरानं स्वतःच्या हातानं माग बाजूला करणं ही काय साधी गोष्ट नव्हे. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यानं पाणी मारलं, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाला, "घे, अंजे. तुझं दुकान." तेव्हापासून दर दिवाळीला मारुतीरावांच्या अनगोळच्या घरी फराळाचा पहिला डबा ह्या घरातून जातो. तो बाई स्वतः नेतात.

ज्योतिबा आला तो दिवाळीनंतर. संकेश्वरजवळच्या एका खेड्यातला. स्वतःचा ट्रक, स्वतःच ड्रायव्हर. ट्रक अंजनीपेक्षा वयानं मोठा. केबिनच्या कपाळावर ज्योतिबाच्या आईचं नाव, 'मालुबाई', झेंडूच्या रंगात. हंगामात ऊस, मग गूळ, मग विटा. माणूस चाळिशीतला, पण अंजनीला पहिल्या दिवसापासून "आक्का" म्हणायचा, कारण त्याच्या मते जो आपली गाडी दुरुस्त करतो तो आपल्यापेक्षा मोठा.

"आक्का, गाडीच्या अंगात यायलंय," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"एका ठरावीक वेगाला आली की थरथर सुरू. डॅशबोर्डवर देवीच्या फोटूला घंटी बांधलीया, ती आपोआप वाजती. आमची म्हातारी म्हणती, देवी जागी हाय. मी म्हणतो, देवी जागी असंल, पर गिअरबॉक्स झोपंल."

संकेश्वरात आणि निपाणीत दोन-तीन मेकॅनिकांनी पाहून झालं होतं. इंजिनाखालची रबरं बदलली, पट्टे बदलले, पंखा बदलला. घंटी वाजायची ती वाजतच होती.

अंजनी ट्रकच्या तोंडाखाली आडवी झाली. इंजिन लालभडक, नवरीसारखं. ज्योतिबा अभिमानानं म्हणाला, "दर खंडेनवमीला मी सोता रंगवतो. ब्रश दुसऱ्याच्या हातात देत न्हाय." आणि खरंच, वर्षानुवर्षं खंडेनवमीला त्यानं इंजिन धुतलं होतं, पुसलं होतं, ऑइलपेंटचा हात दिला होता, लिंबू कापलं होतं, नारळ फोडला होता. रंगावर रंग, त्यावर रंग.

अंजनीनं फडकं मागितलं, मग पातं. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला जे जाड चाक असतं, त्यावरचा रंग ती खरवडायला लागली.

"आक्का, पूजेचा रंग हाय त्यो," ज्योतिबा कळवळला.

"माहीत हाय, अण्णा. म्हणून तर कुणी खरवडला न्हाय."

रंगाचे पापुद्रे निघाले आणि खाली जे दिसलं ते बघून ज्योतिबा खाली बसला. ते चाक अखंड नव्हतंच. आत शाफ्टवर बसणारा तुंबा, बाहेर एक जड रिंग, आणि दोन्हींच्या मध्ये रबर. ते रबर शिळ्या भाकरीसारखं चुरा होऊन गेलं होतं. रिंग नुसत्या रंगाच्या आधारावर बसली होती.

त्या दिवशी मंजुश्रीबाईंनी रात्रीच्या जेवणाला विचारलं, तेव्हा अंजनीनं ओल्या पंच्याचं उदाहरण दिलं. इंजिनात सहा दणके एकामागून एक बसतात. प्रत्येक दणक्याला क्रँकशाफ्ट हा लांबलचक लोखंडी दांडा पंच्यासारखा जरासा पिळला जातो आणि सुटतो. डोळ्याला दिसत नाही. पण पिळणं आणि सुटणं ह्यांची लय जमली, की दांडा थरथरतो. टोकाला रबरावर बसवलेली ती जड रिंग, तिला डॅम्पर म्हणतात, ती थरथर गिळते. रबर मेलं की गिळायला कुणी नाही. मग एक दिवस दांडा तुटतो, वाकवून वाकवून तार तुटते तसा.

"आणि रिंग सुटून उडाली तर?" बाईंनी विचारलं.

अंजनी ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत राहिली. बाईंचा घास तिथंच थांबला.

त्या इंजिनाचा डॅम्पर आता कुठंच मिळत नव्हता. दुसऱ्या गाडीचा बसवणं हाच मार्ग. अंजनी आणि ज्योतिबा भंगारबाजारात गेले. अख्खी दुपार तिथंच गेली. एकाचं रबर नखानं दाबलं तर दगड, एकाची रिंग फारच हलकी, एकाला भेग. ज्योतिबा उन्हात वैतागला. "आक्का, पोरगी बघाय गेलो तवा मी एवढं बघितलं नव्हतं!"

शेवटी मोडीत निघालेल्या एका बसचा मिळाला. इंजिन त्याच कुळातलं, पण पुढच्या पिढीचं. अंजनीनं तो किराणा दुकानाच्या काट्यावर जुन्याशी तोलून पाहिला, रबर नखानं दाबलं, वासही घेतला, आणि मगच घरी आणला. त्याचं भोक मोठं होतं, म्हणून आत बसायला पोलादाचं बुश, म्हणजे मधली कडी, करावी लागली. डॅम्पर शाफ्टवर घसरू नये म्हणून जी लोखंडी चावी ठोकतात, तिची खाच नव्यानं पाडावी लागली. पट्टा ज्यातून फिरतो ती चर जरा पुढं येत होती, ती मागं घ्यावी लागली. ह्या सगळ्यात ती मध्येच थांबून मारुतीरावांना फोन करायची आणि ते म्हणायचे, "पुसलीस का?" मग ती पुसून परत मोजायची.

आणि नेमका त्याच आठवड्यात निपाणीहून विनोदचा फोन आला. विनोद हा बाईंचा धाकटा भाऊ. त्याच्या ओळखीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा रिकामी झाली होती. स्वच्छ काम, पंख्याखालचं. राहायला मामाचं घर. "ताई, अंजनीसाठी शब्द टाकून ठेवलाय," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत कळव. त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि सरळ लेथपाशी गेल्या. तिथं मायलेकींचं जे झालं ते नागराजनं मागाच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं. बाई म्हणाल्या, रात्री झोप लागत नाही. अंजनी म्हणाली, मी काय दारू गाळतोय का? बाई म्हणाल्या, उद्या तो ट्रक कुठं उलटला तर? ह्यावर अंजनीनं मशीन बंद केलं. हात पुसले.

"ठीक हाय, आई. हा डॅम्पर माघारी आला, माझ्या कामात खोट निघाली, तर मी गुमान निपाणीला जातो. लेथ विकतो. न्हाय आला, तर तू हा विषय परत काढायचा न्हाय. चालंल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. म्हणून गेल्या आणि मग विचारात पडल्या, की आता देवापुढं मागायचं तरी काय.

बसवायच्या दिवशी अंजनी घरात आली आणि बाईंचं कपाट उघडून नेलपॉलिशची बाटली घेऊन गेली. ती बाटली बाईंनीच आणली होती, मागं एक स्थळ बघायला येणार होतं तेव्हा. अंजनीनं तेव्हा बाटलीला हातही लावला नव्हता.

"अगं, कशाला?"

"रंगवायला. लई वाट बघत बसलीया बिचारी."

तिनं नव्या डॅम्परवर, आतल्या तुंब्यापासून रबरावरून बाहेरच्या रिंगपर्यंत, गुलाबी नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. "आता रिंग जरा जरी सरकली, तर रेघ तुटंल. कुणाला विचारायला नको. कुणीपण बघावं."

नागराज मागून डोकावला. "स्थळासाठी आणलेलं नेलपॉलिश ट्रकला लावलं. आता ट्रकवाल्यालाच जावई करून घ्यावा लागंल."

"आप्पा, त्याची दोन पोरं शाळंला हायत!"

केसाएवढी डगमगही दाखवणाऱ्या मारुतीरावांच्या डायल गेजखाली डॅम्पर फिरवून पाहिला. काटा जागचा हलला नाही. इंजिन खोललेलंच होतं म्हणून ज्योतिबानं डिझेल पंपही सर्व्हिसला दिला होता, तो परत बसवला. पंप कुठल्या घडीला डिझेल सोडणार, ते क्रँकच्या एका खुणेवरून ठरतं. पहिला पिस्टन अगदी वर आला की ती खूण इंजिनावरच्या काट्यासमोर येते. अंजनीनं जुन्या डॅम्परच्या रिंगवरची खूण जशीच्या तशी नव्यावर उतरवली आणि पंप तिच्याशी जुळवला. ट्रक सुरू झाला. रिकाम्या गाडीनं चक्कर मारून ज्योतिबा परतला तो केबिनमधूनच ओरडत: "आक्का, घंटी वाजंना! देवी झोपली!"

रविवार उजाडला. सोमवारला एकच दिवस उरला होता आणि ट्रक माघारी आला नव्हता. बाई सकाळी देवपूजेला बसल्या होत्या, तेवढ्यात अंजनीचा फोन वाजला. पलीकडचा आवाज बाईंना देवघरातूनही ऐकू आला. ज्योतिबाच होता. गुळानं भरलेली गाडी वंटमुरी घाटात चढाला अडली होती. पांढरा धूर, ओढ नाही, इंजिन तापतंय.

"तू घाबरू नको हं, आक्का," तो सांगत होता. "चाकाखाली दगड घातल्यात. मागं झाडाच्या फांद्या टाकल्यात. मी च्या पितोय."

अंजनी हत्यारांची पिशवी भरायला लागली. चेहरा उतरलेला, पण हात चालू. बाई उठल्या. खरं तर त्यांना हवं तेच घडलं होतं. डॅम्पर फसला होता, पोरगी आता निपाणीला पंख्याखाली बसणार होती. पण त्यांनी पूजा अर्धवट सोडून पायांत चपला सरकवल्या. "मीही येते," त्या म्हणाल्या, आणि नऊवारीतल्या आज्जीनं घोड्यावर बसावं तितक्या निर्धारानं स्कूटरच्या मागच्या सीटवर चढल्या.

घाटात ट्रक एका बाजूला घेऊन उभा होता. उन्हात गुळाचा गोड, जड वास सुटला होता. मधमाश्या ताडपत्रीवर जमल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून सल्ला देत होते.

"आरं, इकून टाक ती!"

"तू इकत घेतोस का?" ज्योतिबा उलट ओरडायचा. बाईंना बघून मात्र तो चपापला. "बाई, तुमी कशाला आला ह्या उन्हात?"

अंजनी सरळ खाली वाकली आणि टॉर्चचा झोत डॅम्परवर टाकला. बाईही पदर खोचून वाकल्या. तेलकट, काळ्या लोखंडावर ती गुलाबी रेघ स्वच्छ दिसत होती. तुंब्यापासून रिंगपर्यंत, एका ओळीत. कुठंही तुटलेली नाही.

"सरकला न्हाय," अंजनी पुटपुटली. "डॅम्पर धड हाय. मग?"

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. पांढरा धूर म्हणजे डिझेल उशिरा पडतंय. डिझेल उशिरा पडतंय म्हणजे पंप चुकीच्या घडीला लागलाय. पंप तर खुणेवर लावलेला. हे ती स्वतःशीच मोठ्यानं बोलत होती आणि मग एकदम थांबली. दोन्ही हात कपाळाला लावले.

"खूण मी जुन्या रिंगवरनं उचलली."

"मग?" ज्योतिबानं विचारलं.

"ती रिंगच सरकलेली होती, अण्णा! रबर मेलेलं. रिंग आपल्या जागेवर नव्हतीच, तर तिच्यावरची खूण कुठनं जागेवर असंल? रिकाम्या गाडीला चाललं, भरल्या गाडीला घाटात कळलं." ती उभी राहिली. "चूक माझी हाय. दुसऱ्या कुणाची न्हाय. मी डोळं मिटून उतरवली खूण."

बाईंना वाटलं, आता हा माणूस चिडणार. चिडायला त्याला पूर्ण हक्क होता. माल अडकला होता, रविवारचा दिवस उन्हात गेला होता. ज्योतिबानं चहाचा कागदी कप चुरगाळला, खिशात घातला आणि म्हणाला, "मग खरी खूण काढू या की. काय काय लागंल?"

लागला एक बारीक दांडा आणि तीन माणसं. अंजनीनं पहिल्या सिलिंडरचं डिझेल फवारणारं नोझल काढलं आणि त्या भोकातून दांडा आत सोडला. तो आत पिस्टनवर टेकला. दांड्यावर तिनं नेलपॉलिशचा एक ठिपका दिला.

"आई, तू हा धर, नुसता बोटांनी. अण्णा मोठ्या पान्यानं इंजिन हळूहळू फिरवतील. पिस्टन वर येईल तसा दांडा वर येईल. ठिपका भोकाच्या काठाशी आला की सांग. मग फिरवत राहायचं. पिस्टन वर जाऊन परत खाली उतरायला लागला की ठिपका परत काठाशी येईल. तेव्हा परत सांग. दोन्ही वेळेला मी खाली रिंगवर खूण करतो. दोन्हींच्या मधोमध खरी जागा."

बाईंनी आयुष्यभर खडू धरला होता. त्याच बोटांनी त्यांनी तो दांडा धरला. ज्योतिबानं पान्यावर भार टाकला. दांडा जिवंत असल्यासारखा बोटांतून वर सरकू लागला.

"आला! आला!"

खालून अंजनीचा आवाज: "अण्णा, थांब. हं, केली. फिरव."

ठिपका काठाच्या वर गेला. वर जाऊन जरा वेळ तिथंच रेंगाळला, मग उतरू लागला.

"आला! अगं, आला!"

"किती ओरडतीस, आई, पोरगं झाल्यागत," खालून अंजनी म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिघंही हसले.

दोन खुणांच्या मधोमध तिनं तिसरी खूण केली. जुन्या रिंगवरून उतरवलेली खूण तिच्यापासून चांगली बोटभर लांब होती. पंपाचे बोल्ट सैल करून तो नव्या खुणेशी लावला, नोझल जागेवर बसवलं, पाइपातली हवा काढली. ज्योतिबानं देवीला हात जोडले आणि स्टार्टर मारला. इंजिन एका दमात उठलं. धूर आधी थोडा पांढरा, मग निवळला.

"आई, तू गाडीत बस," अंजनी म्हणाली. "मी मागनं स्कूटरवर येतो, धूर बघत. तू आतनं ऐक."

मंजुश्रीबाईंनी ट्रकच्या त्या उंच पायरीकडं बघितलं. पोरीनं केलेली वस्तू कुठल्यातरी रस्त्यावर तुटेल, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. तो रस्ता हाच असायचा होता, आणि आत बसायचं होतं त्यांनीच. ज्योतिबानं हात दिला. त्या चढल्या.

"बाई, घट्ट धरून बसा म्हणणार होतो," तो म्हणाला, "पर धरायला ह्या गाडीत काय शिल्लकच न्हाय."

चढ सुरू झाला. गुळाचा सगळा भार पाठीशी घेऊन इंजिन खालच्या सुरात गुरगुरत होतं. बाईंची नजर डॅशबोर्डवरच्या घंटीवर खिळली होती. पितळेची, हरभऱ्यापेक्षा जरा मोठी. ती खड्ड्याला वाजली, वळणाला वाजली. पण चढ संपून गाडी सपाटीला लागली आणि ज्योतिबानं वेग वाढवत नेला, तेव्हा ज्या वेगाला पूर्वी थरथर सुटायची तिथं आल्यावर त्यानं बोट वर करून खुणावलं, आणि बाईंनी कान दिला. घंटी गप्प होती. आरशात अंजनीची स्कूटर दिसत होती, मधूनमधून ट्रकच्या बाजूला येऊन वाकून चाकांमागं बघणारी.

मग ज्योतिबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "बाई, वीस वर्सं गाडी चालवतोय. गाडी बंद पडली की मेकॅनिक म्हणतो डिझेलात खोट, डिझेलवाला म्हणतो डायव्हर खोटा, डायव्हर म्हणतो रस्ता खराब. चूक माझी हाय, असं आज पैल्यांदा ऐकलं. ते बी घाटात येऊन." तो जरा थांबला. "आता दुसरीकडं कुठं गाडी न्यायची माझी हिंमत न्हाय होणार."

बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि दोष गाडीतल्या धुळीवर ढकलला.

संध्याकाळी तो गूळ उतरवून वडगावात आला आणि गुळाची एक लहान ढेप ओट्यावर ठेवून गेला. नागराजनं तिचा खडा फोडून तोंडात टाकला. "गोड हाय. म्हंजे ट्रक पोचला." अंजनी मात्र हसली नाही. ती आईसमोर येऊन बसली.

"आई, डॅम्पर माघारी आला न्हाय. पण माझ्या कामात खोट निघाली, हे पण खरं. शब्द दिलाय मी. तू सांगशील ते. मामाला काय कळवायचं ते तूच कळव."

बाईंनी तिला ताट वाढलं. तिच्या नखांत काळं तेल भरलेलं होतं, आणि एका नखाला गुलाबी नेलपॉलिशचा शिंतोडा लागला होता.

सोमवारी सकाळी शाळेची पर्स भरून झाली. मागं माग सुरू झाले होते. लेथपाशी अंजनी उभी होती, केस फडक्यात आवळलेले. मशीन मात्र बंद. ती नुसतीच लेथ पुसत होती, एकदा पुसून झालेली जागा परत परत. बापानं ज्या जागेवरून माग हलवला होता त्याच जागेवर. बाईंना एकेक माणूस आठवत गेलं. पोरीच्या हातात पहिल्या दिवशी फडकं देणारे मारुतीराव. भिंत फोडून स्वतःचा माग हलवणारा नवरा. भर घाटात कप चुरगाळून खिशात घालणारा ज्योतिबा. आणि निपाणीला बसून भाचीसाठी कुणाकुणाकडं शब्द टाकणारा विनूही; त्यानंही कमी नाही केलं. काळजी काही गेली नव्हती. आजही शाळेबाहेरून ट्रक गेला की मन त्याच्या मागं जाणार होतं. पण आता त्या मनाला ठाऊक होतं, की कुठं काही अडलं तर पोरगी स्कूटर काढून तिथं जाणार आणि आधी आपलीच चूक शोधणार.

विनूला फोन करायचा, आत्ताच, शाळेत जायच्या आधी. तुझे उपकार विसरणार नाही, पण ती जागा दुसऱ्या कुणा गरजूला मिळू दे, आमच्या अंजीचं काम इथं आहे, एवढंच सांगायचं. त्यांनी मागच्या दाराशी जाऊन हाक मारली, "अंजे, किती पुसशील? चालू कर तुझी लेथ." आणि फोन हातात घेतला.